जाळीआडचं पाणी

द्वारका, नवी दिल्ली
२१ जुलै २०२५

आदरणीय उकिडवे काका,

सविनय जयभीम.

परवा फोनवर मी बोलायला सुरुवात केली तोच तुम्ही म्हणालात, "जे असेल ते लेखी पाठवा, मी कागदावरच उत्तर देतो." तुम्ही चौतीस वर्षं केंद्र सरकारात काढून अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झालात, मी अजून सेक्शनला फाइली ढकलते आहे. कागदाची सवय दोघांनाही आहे, म्हणून हे स्पीड पोस्टने पाठवते.

विषय गच्चीचा आहे. शुक्रवारी महानगरपालिकेचा डास तपासणारा माणूस आला होता. त्याने आमचे दोन्ही कूलर पाहिले, कुंड्यांखालच्या बशा उचलल्या, फ्रिजमागचा ट्रेसुद्धा बाहेर ओढायला लावला. सगळं कोरडं निघालं. मग तो गच्चीवर गेला आणि तिथल्या तुमच्या बंद खोलीपुढच्या, बरसातीपुढच्या, जाळीच्या दाराशी थांबला. "मैडम, ये ताला किसका है?" मी म्हटलं, मालकांचं. त्याने जाळीतून लांब दांड्याचा डाव आत घातला आणि दाराजवळच्या तुमच्या जुन्या कूलरमधलं पाणी काढलं. त्या घोटभर पाण्यात सात-आठ अळ्या वळवळत होत्या. पलीकडच्या भिंतीशी जी काळी टाकी आहे तिचं झाकण उघडं पडलंय, हे टॉर्चच्या उजेडात मीही पाहिलं.

कूलरमध्ये जाळीतून तेल ओतता येतं, ते मी लगेच ओतलं. टाकीपर्यंत मात्र काहीच पोचत नाही. माकडांसाठी तुम्ही वरूनही जाळी मारून घेतली आहे, त्यामुळे भिंतीवरून उतरायचीही सोय नाही.

मी एवढी घाई का करते ते सांगते. माझी मुलगी नीलम अकरा वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही सरोजिनी नगरात राहत असताना तिला डेंग्यू झाला होता. त्यातून ती उठली, पण डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं की दुसऱ्यांदा झाला तर तो जिवावर बेतू शकतो, तिला जपा. तिची खोली नेमकी तुमच्या बरसातीखाली आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून मला धड झोप नाही.

करारातल्या नवव्या कलमाप्रमाणे बरसाती आणि तिच्यापुढचं अंगण भाड्यात नाही, आम्ही तिथे पाऊल ठेवायचं नाही. मी ते पाळते आहे. म्हणूनच विनंती करते, एक तर चावी पाठवा किंवा कुणाला तरी पाठवून दार उघडून द्या. पाणी आम्ही काढू. तासाभराचं काम आहे.

आपली,
समता रामटेके


नाशिक
२९ जुलै २०२५

सौ. समता रामटेके यांस,

स.न.वि.वि.

आपलं पत्र पोचलं. अक्षर सुरेख आहे आणि मुद्दे क्रमाने आहेत. आमच्या सेक्शनला असं एखादं माणूस असतं तर माझे केस जरा उशिरा पिकले असते.

आता विषयाकडे येतो. मार्च २०२३ मध्ये दिल्ली सोडताना तो कूलर मी स्वतः उपसून कोरडा केला, टाकीचा नळ बंद केला, झाकण बसवलं आणि झाकणावर वीट ठेवली. टाकीत पाणी असण्याचं कारण मला दिसत नाही. पालिकेच्या माणसांना दर पावसाळ्यात काहीतरी सापडावंच लागतं, कारण वर आकडा कळवायचा असतो. तुम्ही सरकारी नोकर आहात, तुम्हाला हे मी समजावून सांगायला नको.

किल्लीविषयी स्पष्टच लिहितो, राग मानू नये. करोलबागेत आमचे एक स्नेही होते. त्यांच्या भाडेकरूने आधी माळ्याची किल्ली मागितली, मग माळ्यावर आपली एक पेटी ठेवली, मग तिथे आपला मेहुणा ठेवला. पुढची अकरा वर्षं स्नेही कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होते. ते गेले तेव्हाही मेहुणा माळ्यावरच होता. तेव्हापासून कुलूपबंद जागेची किल्ली हातची सोडायची नाही हा माझा नियम आहे. बरसातीत माझ्या दिवंगत पत्नीचा अर्धा संसार बांधून ठेवलेला आहे. माझी मुलगी स्वानंदी, जिच्याकडे मी सध्या राहतो, ती म्हणते की सगळं विकून टाका. ते मला जमलेलं नाही.

माझा भाचा हेरंब नोएडाला असतो. त्याला एखाद्या रविवारी येऊन पाहायला सांगतो. तोवर धीर धरावा.

आपला,
वि. ग. उकिडवे

ता. क. पालिकेची नोटीस आलीच तर घाबरू नये. 'सदर भाग मालकाच्या ताब्यात असून भाडेकरूस तेथे प्रवेश नाही' असं उत्तर द्यावं. एकदा तसा कागद गेला की तुमच्यावर काही राहत नाही.


द्वारका
११ ऑगस्ट २०२५

आदरणीय काका,

जयभीम.

दोन रविवार गेले. हेरंब आले नाहीत.

नोटीस आली. ती माझ्या नावाने आहे आणि आमच्या दारावर चिकटवली आहे, जिना चढणारा प्रत्येकजण ती वाचून मग घंटी वाजवतो. तुम्ही सांगितल्याप्रमाणे उत्तर लिहिलं आणि अर्धी रजा टाकून वॉर्ड ऑफिसात नेऊन दिलं. तिथल्या बाबूने ते वाचलं, करारातलं नववं कलमही वाचलं आणि कागद परत माझ्याकडे सरकवला. "मैडम, मच्छर एग्रीमेंट नहीं पढ़ता. मालिक हो या किराएदार, पानी हटाओ."

सोबत तीन फोटो जोडले आहेत, नीलमच्या बाबांनी, म्हणजे सुगतने, स्टुलावर चढून काढलेत. वरची जाळी एका कोपऱ्यात फाटली आहे. माकडं आत उतरलेली दिसतात, कारण तुमची वीट खाली पडली आहे आणि झाकण उपडं आहे. म्हणजे तुमची आठवण बरोबर आहे आणि टाकीत पाणीही आहे. फाटलेल्या जागेतून पावसाचं पाणी थेट टाकीत पडतं.

माझ्या सासूबाई, कमलाबाई, आमच्याजवळ असतात. भंडारा जिल्ह्यात पवनीला त्यांचं सगळं आयुष्य गेलं. त्यांना हा पत्रव्यवहार अजिबात कळत नाही. रोज संध्याकाळी विचारतात, "एक कुलूप फोडून दुसरं लावाले किती वेळ लागते वो, समता?" मी त्यांना थोपवून धरलं आहे.

का थोपवलं ते ऐका. तुमच्या नियमाला करोलबागेतले स्नेही कारण आहेत, माझ्याही नियमाला कारण आहे. सरोजिनी नगरच्या आधी आम्ही पालमला एका घरात होतो. आडनाव कळल्यावर घरमालकीण जरा दूरच राहायची, पण घर दिलं होतं. एक दिवस तिच्या माळ्यावरची चांदीची ताटली सापडेना. माळ्याचा जिना आमच्या दारावरून जायचा. तिने आधी आमच्या ट्रंका उघडायला लावल्या आणि मग पोलीस बोलावले. ताटली पंधरा दिवसांनी तिच्याच बहिणीकडे निघाली. माफी कुणी मागितली नाही. तेव्हा नीलम पाच वर्षांची होती, आणि ट्रंका उघडल्या जात असताना ती माझा पदर धरून उभी होती. त्या दिवसापासून दुसऱ्याच्या कुलपाला मी हात लावत नाही.

आमच्या गल्लीत आता दोन घरांत ताप आहे. नीलमला मी अंगभर कपडे घालून शाळेत पाठवते, हातापायांना मलम चोपडते. ती चिडते. मी तिच्यावर ओरडते. काका, कृपा करून चावी पाठवा.

समता


नाशिक
१८ ऑगस्ट २०२५

श्रीमती रामटेके,

स.न.वि.वि.

तुमचं पत्र स्वानंदीने माझ्याआधी वाचलं आणि दोन दिवस जेवणाच्या टेबलावर माझी उलटतपासणी चालू ठेवली. फोटो पाहिले. माकडं माझ्या हिशेबात नव्हती, एवढं कबूल करतो.

पालमला झालं ते वाईट झालं. मी तसा माणूस नाही. तुमचं आडनाव मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे आणि मी घर दिलं आहे.

सोबत जाळीच्या दाराची किल्ली पाठवतो. ती देताना पुढील गोष्टी मात्र नोंदवून ठेवतो. दार हेरंबच्या समक्षच उघडायचं. उघडण्यापूर्वी अंगणातल्या सगळ्या वस्तूंची यादी करायची, तिच्या तीन प्रती करायच्या आणि त्यांवर तुमची व हेरंबची सही घ्यायची. काम झाल्यावर कुलूप लावून किल्ली हेरंबकडे द्यायची. यात गैरविश्वास नाही, उद्या कुणाला कुणाविषयी शंका येऊ नये एवढाच हेतू आहे. यादीमुळे तुमचंही संरक्षणच होतं.

हेरंबचा फोन नंबर खाली दिला आहे. दिवस तुम्ही दोघांनी परस्पर ठरवावा. माझ्याकडून आता काही बाकी नाही.

आपला,
वि. ग. उकिडवे


द्वारका
२५ ऑगस्ट २०२५

आदरणीय काका,

किल्ली शुक्रवारी, बावीस तारखेला, ऑफिसच्या पत्त्यावर मिळाली. पोचपावतीवर सही केली आहे. मनापासून आभार.

पण हेरंब यांचा फोन लागत नाही. शुक्रवारपासून चौदा वेळा लावला, रोज बंद येतो. मेसेज केले, ते पोचलेले दिसत नाहीत. तुमच्या नंबरवर काल दोनदा केला, स्वानंदीताईंनी उचलला. म्हणाल्या, बाबा फोनवर असल्या विषयांवर बोलत नाहीत, पत्र टाका.

म्हणून विचारते. आमच्या खाली राहणाऱ्या कुमुदिनी दीक्षित निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, तुमच्याही ओळखीच्या असतील. हेरंबऐवजी त्यांच्या समक्ष दार उघडलं आणि त्यांची सही घेतली तर चालेल का? यादी मी जाळीबाहेरून आत्ताच करून ठेवली आहे, तिन्ही प्रती तयार आहेत. तुमची लेखी परवानगी आली की त्याच दिवशी काम उरकते. तुम्ही घातलेली अट मी आपल्या मनाने मोडली असं मला व्हायला नको आहे.

चावी आल्याचं मी घरी अजून सांगितलेलं नाही. आईंना, म्हणजे सासूबाईंना, कळलं तर यादी नाही की सही नाही, त्या झाडू घेऊन सरळ वर जातील. पाकीट माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली ठेवलं आहे.

कृपया उलट टपाली कळवा.

समता


नाशिक
३ सप्टेंबर २०२५

श्रीमती समता रामटेके यांस,

तुमचं पंचवीस तारखेचं पत्र मला तीस तारखेला मिळालं. त्याला उत्तर लिहायला घेतलं होतं. ते फाडून हे लिहीत आहे.

सोसायटीचे सेक्रेटरी विनय साहनी यांचा परवा फोन आला. रविवारी तुमच्या घरातल्या बाईंनी माझ्या जाळीचं कुलूप दगडाने फोडलं, आतल्या वस्तू गच्चीभर फेकल्या आणि टाकी आडवी करून पाणी जिन्यात सोडलं. अडवायला गेलेल्या चौकीदाराला नको ते बोलल्या. मी ऐकून थक्क झालो.

बावीस ऑगस्टपासून किल्ली तुमच्या कपाटात आहे. पोचपावती माझ्यापुढे पडली आहे, तिच्यावर तुमची सही आहे. किल्ली हातात असताना कुलूप फोडायचं काय कारण? नऊ दिवस तुम्ही ती साड्यांखाली ठेवून बसलात आणि दहाव्या दिवशी दगड! मला एकच अर्थ लागतो, की तुम्हाला किल्ली नको होती, तंटा हवा होता. तुमच्या सोज्वळ पत्रांना मी भुललो. माळा आणि मेहुणा, दुसरं काय.

एक महिन्याच्या आत घर रिकामं करावं. हे पत्र नोटीस म्हणूनच समजावं. सोयीसाठी एक प्रत तुमच्या घरच्या पत्त्यावर पाठवत आहे, म्हणजे मिळालं नाही असं म्हणता येणार नाही.

वि. ग. उकिडवे


द्वारका
९ सप्टेंबर २०२५

श्री. उकिडवे यांस,

तुमचं पत्र मिळालं. घरच्या पत्त्यावर आलं, त्यामुळे ते सुगतने उघडलं.

आधी रविवारचं लिहिते. नीलमला एकोणतीस तारखेला, शुक्रवारी, ताप आला. रविवारी सकाळी रक्ताचा रिपोर्ट आला, डेंग्यू. सुगत मोबाइलवरचा रिपोर्ट वाचत होता. आईंनी त्याचं तोंड पाहिलं आणि काही न विचारता मसाला वाटायचा वरवंटा उचलून वर गेल्या. मी पोचले तेव्हा कुलूप पडलं होतं आणि आई घोटाभर पाण्यात उभ्या राहून बादलीने टाकी उपसत होत्या. चौकीदाराला त्या एवढंच म्हणाल्या, "बाजूले हो, माही नात मरून राह्यली." तुमच्या वस्तूंपैकी एक मोडका स्टूल आणि दोन कुंड्या बाहेर काढल्या होत्या, त्या मी जागच्या जागी ठेवल्या. बरसातीच्या खोलीचं कुलूप जसंच्या तसं आहे.

सोमवारी नीलमला दवाखान्यात हलवावं लागलं. बुधवारी तिचं ब्लड प्रेशर मिळेना. डॉक्टर आमच्याशी बोलताना दोघांकडे न बघता भिंतीकडे बघत होते. ज्या दिवशी तुम्ही मला तंटेखोर लिहीत होता त्या दिवशी मी आयसीयूच्या काचेला डोकं टेकून उभी होते. गुरुवारी रात्रीपासून ती सावरायला लागली. परवा, सात तारखेला, घरी आली. उभी राहिली की तिचे पाय थरथरतात, पण आहे. माझी मुलगी आहे.

आणि काल तुमचं पत्र आलं. सुगतने ते मोठ्याने वाचलं, कारण आईंना वाचता येत नाही आणि घराविषयी काय आलंय ते त्यांना ऐकायचं होतं. नऊ दिवस आणि साड्यांखाली, हे त्याने दोनदा वाचलं. मग उठून त्याने कपाट उघडलं. पाकीट तिथेच होतं, यादीच्या तीन प्रतींसकट.

त्याने पाकिटातली चावी आईंपुढे ठेवली. आई बोलल्या. म्हणाल्या, "तुह्याकडे होती?" मी मान हलवली. त्या उठून आत गेल्या आणि नीलमच्या उशाशी जाऊन बसल्या. काल संध्याकाळपासून त्या माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. त्यांना थोडी कणकणही आहे. आठ दिवस दवाखान्याच्या बाकावर काढले त्याचा शीण असेल, डॉक्टरकडे चला म्हटलं तर ऐकत नाहीत.

तुम्हाला कारण हवं होतं ना? मला तुमची परवानगी हवी होती. कुणी ट्रंका उघडायला लावू नयेत म्हणून मी माझ्या मुलीच्या डोक्यावर भरलेली टाकी नऊ दिवस ठेवली. रोज सकाळी पोस्टमनची वाट पाहायची आणि रोज स्वतःला सांगायचं की मी पत्र टाकलंय, आता पुढचं काम त्यांचं. ऑफिसात बारा वर्षं हेच केलं आहे.

घर आम्ही रिकामं करू.

समता रामटेके


नाशिक
१४ सप्टेंबर २०२५

समताताई,

तुमचं पत्र काल दुपारी आलं. स्वानंदीला दाखवण्याचं धाडस झालं नाही. रात्री तिनेच ते मागून घेतलं, वाचलं आणि आपल्या खोलीचं दार लावून घेतलं.

घर रिकामं करण्याबद्दल मी लिहिलं ते मागे घेतो. पण हे पत्र त्यासाठी नाही. तुम्ही स्वतःला नऊ दिवसांचा दोष लावून घेता आहात. त्या नऊ दिवसांविषयी तुम्हाला माहीत नसलेली एक गोष्ट मला माहीत आहे. ती न सांगता गप्प बसलो तर उरलेले दिवस मला स्वतःची शरम वाटेल.

हेरंब नोएडात नव्हता. कंपनीच्या कामाने तो दहा ऑगस्टला सहा आठवड्यांसाठी व्हिएतनामला गेला. जाताना मला फोन करून गेला होता. म्हणजे अठरा तारखेला मी तुम्हाला किल्ली पाठवली, त्याच्या समक्षच दार उघडायची अट घातली आणि खाली त्याचा नंबर लिहिला, तेव्हा तो नंबर लागणार नाही हे मला ठाऊक होतं.

असं का केलं, तर आम्ही हेच शिकलो. एखादं काम करायचं नसेल तर नाही म्हणायचं नाही. मंजुरी द्यायची आणि तिला एक अशी अट जोडायची की काम होणार नाही. फाइल वर गेली तरी आपण मंजुरी दिलेली असते. या कसबाबद्दल मला खात्यात मान होता, धाकटे अधिकारी मसुदे घेऊन माझ्याकडे शिकायला यायचे. स्वानंदी मागे लागली होती, तिच्यापुढे किल्ली पाठवल्याचं दाखवायचं होतं आणि तुम्ही ती वापरू नये असंही वाटत होतं. मनात म्हटलं, सप्टेंबर सरला की पाऊस थांबेल, डास जातील, विषय आपोआप मिटेल. तुमच्या आडनावाचा माझ्या संशयाशी काही संबंध नाही अशा अर्थाचं मी लिहिलं होतं. आता ते तितक्या ठामपणे लिहिता येत नाही.

तुम्ही अट पाळाल याची मला खात्री होती. तुमच्या पहिल्या पत्रातच ते दिसलं होतं. दुसरा कुणी असता तर त्याच दिवशी दार उघडून मोकळा झाला असता.

हे पत्र तुम्ही पालिकेत, कोर्टात, कुठेही पुरावा म्हणून दाखवावं. पूर्ण शुद्धीत लिहिलं आहे आणि खाली माझी सही आहे. एक विनंती करतो. हे कमलाबाईंना वाचून दाखवा. सून किल्ली लपवून बसली एवढंच त्यांना माहीत आहे, ती का बसली हे माझ्या तोंडून कळू दे. त्यांनी वरवंटा उचलून जे केलं ते करण्याची अक्कल आम्हा दोघा शिकलेल्यांपैकी एकालाही नव्हती. मी त्यांची हात जोडून क्षमा मागतो. पुढच्या महिन्यात येऊन समक्षही मागेन.

नीलमला आशीर्वाद.

विश्वनाथ उकिडवे


द्वारका
२६ सप्टेंबर २०२५

उकिडवे काका,

जयभीम.

तुमचं पत्र अठरा तारखेला मिळालं. आई तेराला गेल्या.

त्यांना कणकण नव्हती, डेंग्यूच होता. नीलम दवाखान्यात होती तेव्हापासून त्यांना ताप असावा. कुणाला सांगितलं नाही. आपल्यामुळे पोरीजवळचं माणूस उठेल असं त्यांना वाटलं असणार. अकराला सकाळी मोरीत पडल्या. तेव्हा सुगतने त्यांच्या कपाळाला हात लावला. आधी मी लावला असता, पण त्या मला जवळ येऊ देत नव्हत्या. दवाखान्यात दोन दिवस त्या शुद्धीत होत्या आणि त्या दोन दिवसांत माझ्याशी बोलल्या नाहीत. मी पायथ्याशी बसून असायची. नर्सने विचारलं की ह्या कोण, तर म्हणाल्या, पोराची बायको.

तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवता आलं नाही. वाचलं असतं तर त्यांनी मला जवळ घेतलं असतं की नाही, ते मला माहीत नाही. सुगतला दाखवलं. त्याने वाचून घडी घातली आणि म्हणाला, त्यांना माहीत होतं की फोन लागणार नाही, पण दार तर तुला दिसत होतं. त्याचं खरं आहे.

सोमवारी पालिकेत सुनावणी होती. तिथल्या फॉर्मवर जबाबदार व्यक्तीचं नाव लिहायला एक ओळ असते. तोच बाबू होता. आई गेल्याचं त्याला कळलं होतं. तो हळू आवाजात म्हणाला, "मैडम, मालिक का नाम डालिए. कोई काग़ज़ हो तो लगा दीजिए, आप छूट जाएँगी." तुमचं चौदा तारखेचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. मी ते बाहेर काढलं नाही. त्या ओळीवर माझं नाव लिहिलं आणि सही केली. तुमच्यावर उपकार म्हणून नाही, आणि तुम्हाला सोडलं म्हणूनही नाही. त्या टाकीतल्याच डासाने घात केला हे कुणाला सिद्ध करता येणार नाही, आणि तुमचा वाटा किती नि माझा किती हे ठरवत बसलं की पुन्हा कागदच वाढतात. आजपर्यंत प्रत्येक पत्रात आपण दोघांनी हेच केलं. मला एकदा तरी ते थांबवायचं होतं.

एक तारखेला आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये जातो आहोत, माझा नंबर लागला. जाळीला नवीन कुलूप लावलं आहे, चाव्या कुमुदिनीताईंकडे आहेत. टाकी उपडी ठेवली आहे. क्षमा मागायला येऊ नका. कुणाकडे मागणार?

गेल्या रविवारी आईंचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. सगळे गेल्यावर नीलमने मला विचारलं, "आजी को डेंगू कैसे हुआ, मम्मी? आपण तर सगळं साफ ठेवतो ना?" डास चावला म्हणून सांगता आलं असतं. सुगतने मला डोळ्यांनी खुणावलंही, की आत्ता नको, ती अजून अशक्त आहे. पण मी तिला सगळं सांगितलं, तुमच्या अटीचं, माझ्या तीन प्रतींचं आणि साड्यांखालच्या चावीचं. मग तिने विचारलं, "मुझे बुखार आया, तब भी चाबी आपके पास थी?" मी हो म्हटलं.

आज पाच दिवस झाले. शाळेत जाते, जेवते, औषध घेते. माझ्याशी बोलत नाही.

समता